वारा की नुसतं फिरणं? नागपूरच्या एका एमएस्सी प्रोजेक्टचं प्रकरण

हे प्रकरण नागपूरच्या एका कॉलेजमधलं आहे. नावं, कॉलेज, वर्ष आणि त्या दीर्घिकेचा कॅटलॉग नंबर मुद्दाम काढून टाकलाय. मी या प्रोजेक्टची को-गाइड होते, त्यामुळे बहुतेक गोष्टी समोर बसून पाहिल्यात. हे लिहायचं कारण म्हणजे गॅलेक्टिक विंडबद्दल, म्हणजे दीर्घिकेतून (गॅलेक्सीतून) बाहेर वाहणाऱ्या वायूबद्दल, मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात शेवटचा निष्कर्ष असतो आणि सुंदर फोटो असतात, पण "हा वायू बाहेर चाललाय" एवढं एक वाक्य लिहायच्या आधी किती ठिकाणी थांबून विचार करावा लागतो ते कुठे येत नाही, आणि प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांना तर नेमकं तेच हवं असतं.

पार्श्वभूमी

आधी विषय थोडक्यात. ज्या दीर्घिकेत खूप भराभर तारे जन्मतात तिथे जड तारेही भरपूर जन्मतात, आणि हे जड तारे काही कोटी वर्षांच्या आतच सुपरनोव्हा होऊन फुटतात. एका सुपरनोव्हातून आजूबाजूच्या वायूला साधारण १० चा ४४ वा घात इतके ज्यूल ऊर्जा मिळते. एकटादुकटा फुटला तर ही ऊर्जा जवळच्या दाट वायूत विरून जाते आणि विषय संपतो. पण थोड्याशा जागेत एकामागून एक फुटत राहिले तर त्यांचे बुडबुडे एकमेकांत मिसळतात, आतला वायू लाखो-कोट्यवधी अंशांना तापतो, आणि चकतीच्या पातळीत दाट वायू अडून बसलेला असल्यामुळे त्याला सोपी वाट उरते ती वर आणि खाली. मग तो चकती फोडून दोन्ही अंगांनी बाहेर येतो आणि येताना थंड वायू आणि धूळही सोबत ओढून आणतो. काही दीर्घिकांत हेच काम मध्यभागी असलेलं कृष्णविवर करतं, तिथे वेग आणखी जास्त असू शकतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण एम ८२ चं. सप्तर्षींच्या बाजूला, साधारण १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. १९६३ मध्ये लिंड्स आणि सँडेज या खगोलशास्त्रज्ञांनी तिच्या चकतीतून वर-खाली निघालेले, एच-अल्फात म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेत चमकणारे वायूचे तंतू दाखवले आणि मध्यभागी स्फोट झाला असावा असं मांडलं. पुढे हळूहळू कळत गेलं की हा एक मोठा स्फोट नाही, सतत वाहणारा वारा आहे, आणि १९८५ मध्ये शेव्हलियर आणि क्लेग यांनी त्याचं एक साधं गणिती मॉडेल दिलं जे आजही सुरुवातीला शिकवतात. एम ८२ च्या तंतूंचे वेग सेकंदाला ५००-६०० किमीपर्यंत जातात. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाच्या वर आणि खालीसुद्धा प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं पसरलेले फर्मी बबल्स, म्हणजे गॅमा किरणांत दिसणारे प्रचंड बुडबुडे, २०१० मध्ये सापडले, ते नक्की कशामुळे झाले यावर वाद अजून चालू आहे.

हे सगळं महत्त्वाचं का, तर दीर्घिका आपल्याकडचा वायू ताऱ्यांमध्ये बदलण्यात फार मंद असतात. आपल्या आकाशगंगेएवढ्या दीर्घिकांमध्ये हे काम सगळ्यात चांगलं होतं असं मानतात, आणि तिथेसुद्धा वाट्याला आलेल्या साध्या (डार्क मॅटर सोडून उरलेल्या) पदार्थाचा जेमतेम पाचवा हिस्सा ताऱ्यांत गेलेला दिसतो. उरलेला कुठे अडला, कोणी बाहेर फेकला, कोणी आत पडू दिला नाही, या प्रश्नात वाऱ्यांचा वाटा मोठा आहे. ताऱ्यांच्या पोटात बनलेली जड मूलद्रव्यं दीर्घिकांच्या बाहेर लांबवर सापडतात त्याचंही कारण हेच वारे.

आता विद्यार्थिनी. कामठीहून रोज येणारी, फायनल इयर, फिजिक्स, पायथन स्वतःच शिकलेली. खगोलशास्त्राचा नाद लहानपणी रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणामुळे लागला असं तिने फॉर्मवर लिहिलं होतं. कॉलेजात या कामाची दुर्बीण नाही, पण त्याने अडत नाही, कारण मँगा नावाच्या सर्व्हेने न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या अडीच मीटर दुर्बिणीतून दहा हजारांच्या आसपास दीर्घिकांचे वर्णपट घेतलेत आणि डिसेंबर २०२१ पासून तो सगळा डेटा कोणालाही फुकट मिळतो. यात एका दीर्घिकेचा एकच वर्णपट नसतो, दीर्घिकेवर ऑप्टिकल फायबरचा जुडगा ठेवून जागोजागचे वेगवेगळे वर्णपट घेतलेले असतात. म्हणजे कुठल्या भागातला वायू कुठल्या वेगाने आपल्याकडे येतोय किंवा लांब जातोय याचा नकाशा काढता येतो. विषय ठरला: मध्यम कललेली (म्हणजे आपल्याला तिरकी दिसणारी), मध्यभागी जोरात तारे बनवणारी एक दीर्घिका घ्यायची आणि वारा दिसतो का बघायचं.

अडचण काय झाली

मार्चच्या सुरुवातीला तिने मध्यभागाचा वर्णपट काढला आणि एच-अल्फाच्या रेषेवर डावीकडे म्हणजे निळ्या बाजूला स्पष्ट खांदा दिसला. साधी रेषा घंटेच्या आकाराची हवी, ही डावीकडे उतरताना मधेच रुंद झालेली होती. तिने एकाऐवजी दोन घंटा बसवल्या, एक अरुंद आणि एक रुंद, आणि फिट झकास जमला. रुंद घंटा निळीकडे सेकंदाला साधारण दीडशे किमी सरकलेली. निळीकडे म्हणजे आपल्याकडे येणारा वायू, रुंद म्हणजे खवळलेला वायू, जागा मध्यभागाची जिथे तारे जन्मतात. पुस्तकातल्या वाऱ्याच्या सगळ्या खुणा एकाच प्लॉटमध्ये.

गाइड सरांना प्रचंड आनंद झाला आणि तो साहजिक होता, एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे इतकं नीट काम कोणी केलं नव्हतं. विद्यार्थ्यांच्या एका परिषदेची ॲब्स्ट्रॅक्टची तारीख दोन आठवड्यांवर होती. मसुदा तयार झाला, शीर्षक होतं "एका जवळच्या दीर्घिकेतून बाहेर पडणाऱ्या वाऱ्याचा शोध". त्यातच तिच्या मामांच्या ओळखीच्या एका पत्रकाराला ही गोष्ट कळली आणि "नागपूरच्या मुलीचा अंतराळात शोध" अशी बातमी करायची म्हणून फोन यायला लागले. घरी सगळ्यांना कळलं होतं. मामा रोज विचारायचे, बातमी कधी येऊन राहिली म्हणून.

मला खटकत होत्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे मँगाच्या वर्णपटांची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवायची ताकद, साधारण २००० आहे. ६५६.३ नॅनोमीटरच्या एच-अल्फासाठी याचा अर्थ असा की उपकरण स्वतःच रेषेला सुमारे ०.३३ नॅनोमीटर जाड करतं. आणि सेकंदाला दीडशे किमी वेगाने होणारं सरकणंही हिशोब केला तर ०.३३ नॅनोमीटरच येतं. म्हणजे आपण जे मोजतोय ते आणि उपकरणाचा धूसरपणा एकाच मापाचे. मोजता येतच नाही असं नाही, येतं, पण फार जपून. दुसरी गोष्ट, एच-अल्फाच्या दोन्ही कुशीत नायट्रोजनच्या रेषा आहेत, ६५४.८ आणि ६५८.३ वर. वायू खवळलेला असला की तिन्हींचे पाय एकमेकांत गुंततात आणि डावीकडचा खांदा एच-अल्फाचा की शेजारच्या नायट्रोजनचा हे डोळ्यांनी सांगता येत नाही.

पर्याय

त्या आठवड्यात आम्ही तिघं बसलो आणि समोर काय काय रस्ते आहेत ते बोर्डावर लिहून काढले.

पहिला, आहे तसं ॲब्स्ट्रॅक्ट पाठवायचं. सरांचं म्हणणं होतं की परिषद विद्यार्थ्यांची आहे, कोणी जर्नलचे निकष लावणार नाही, मुलीला बोलायची संधी मिळेल आणि पुढे पीएचडीच्या मुलाखतीत उपयोग होईल. यात तथ्य होतं. आपल्याकडच्या मुलांना अशा संधी कमी मिळतात आणि अती चोख राहण्याच्या नादात त्याही घालवायच्या का, हा सरांचा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो.

दुसरा, या वर्षी परिषद सोडून द्यायची, सगळं तपासून मगच कुठे काय ते सांगायचं. यात धोका असा की प्रोजेक्ट मे महिन्यात जमा करायचा होता, त्यानंतर मुलगी कुठे जाईल, हातात लॅपटॉप तरी असेल का, काही नक्की नव्हतं.

तिसरा, ॲब्स्ट्रॅक्ट पाठवायचं पण शीर्षकातला "शोध" आणि "बाहेर पडणारा" काढून "मध्यभागातल्या वायूच्या हालचालींचा अभ्यास" असं लिहायचं, म्हणजे पुढे जे निघेल ते त्यात बसेल.

सर पहिल्याकडे झुकलेले, मी तिसऱ्याकडे. मग तिला विचारलं. तिने सरळ उत्तर दिलं नाही, म्हणाली की सर, मला दोन दिवस द्या, एक गोष्ट पाहायची आहे. ती गोष्ट काय होती ते पुढे येतंच, पण प्रकरणाची कलाटणी तिथे आहे आणि ती ना सरांच्या डोक्यातून आली ना माझ्या.

काय केलं

तिने तोच कोड, काहीही न बदलता, दुसऱ्या एका दीर्घिकेवर चालवला. मुद्दाम शांत दीर्घिका निवडली: वस्तुमान साधारण तेवढंच, कलही तेवढाच, पण तारे जन्मण्याचा वेग अगदी कमी. एच-अल्फा मोजता येईल इतपत होतं, वारा सुटावा असं मात्र तिथे काहीच नव्हतं. आणि कोडने तिच्या मध्यभागीही रुंद घंटा शोधून दिली, निळीकडे सरकलेली, पहिल्यापेक्षा थोडी कमी पण दिसेल इतकी.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, हिच्यात तर वारा असायलाच नको ना, मग काहून दिसून राहिला?"

उत्तर असं आहे. मँगाच्या डेटात एका ठिपक्याची धूसरता साधारण अडीच आर्कसेकंद असते. या सर्व्हेतल्या सर्वसाधारण दीर्घिकेच्या अंतरावर त्याचा अर्थ होतो जवळपास पाच हजार प्रकाशवर्षं. दीर्घिकेच्या मध्यभागी फिरण्याचा वेग फार थोड्या अंतरात उलटतो, एका बाजूचा वायू आपल्याकडे येत असतो आणि लगेच पलीकडचा लांब जात असतो. पाच हजार प्रकाशवर्षांच्या धूसर ठिपक्यात हे सगळे वेग एकत्र कालवले जातात आणि रेषा आपोआप रुंद होते. धूळ किंवा ताऱ्यांची वाटणी दोन्हीकडे सारखी नसली तर ती एका बाजूला झुकतेही. वारा नाही, नुसतं फिरणं, पण रेषेवर खांदा तसाच. खगोलशास्त्रात याला बीम स्मिअरिंग म्हणतात आणि वाऱ्याच्या शोधात ज्या गोष्टींनी लोक फसतात त्यात हिचा नंबर बराच वरचा आहे.

पहिला निर्णय इथेच झाला. सरांनी स्वतःहून मसुदा बाजूला ठेवला. "पाठवू, पण शीर्षक बदलून," म्हणाले. तारखेच्या आत तिसऱ्या पर्यायाप्रमाणे ॲब्स्ट्रॅक्ट गेलं. बातमीचं त्यांनीच पत्रकाराला फोन करून सांगितलं की अजून काम चालू आहे, आत्ता काही छापू नका. मामांना ते आवडलं नाही, पण तो फोन मुलीला करावा लागला नाही, गाइडने केला, आणि माझ्या मते गाइडचं काम तेच आहे.

मग तपासणी सुरू झाली. एप्रिल उजाडला होता, लॅबमधल्या कूलरच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, पण काम मनापासून झालं.

सुरुवात ताऱ्यांचा प्रकाश नीट वजा करण्यापासून. वायूच्या रेषा ताऱ्यांच्या वर्णपटावर बसलेल्या असतात आणि ताऱ्यांच्या स्वतःच्या शोषणरेषा असतात, त्या अर्धवट वजा झाल्या तर खोटे खांदे उगवतात. मग नायट्रोजनच्या दोन रेषांचं प्रमाण एकास तीन असं बांधून टाकलं, ते अणूच्या भौतिकीनेच ठरलेलं आहे, मोकळं सोडायची गरजच नाही. मग दुसरी घंटा खरंच लागते का, हे फक्त फिट सुंदर दिसतो म्हणून न ठरवता बीआयसी नावाच्या सांख्यिकी निकषाने तपासलं, कारण घंटा वाढवत गेलं की फिट नेहमीच सुधारतो, बीआयसी त्या प्रत्येक जादा घंटेचा दंड लावतो. आणि मग ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा. ही बिचारी एकटी उभी असते, आजूबाजूला गर्दी नाही, त्यामुळे खांदा खरा असेल तर इथेही दिसायला हवा. दिसला, पण क्षीण.

बीम स्मिअरिंगसाठी तिने फिरणाऱ्या चकतीचं एक मॉडेल बनवलं, त्याला मँगाइतकंच धूसर केलं आणि त्यातून येणारा रुंदपणा खऱ्या नकाशातून वजा केला. इथे चित्र पालटलं. ज्या रेषेवर फिरण्याचा वेग सगळ्यात जास्त दिसतो त्या लांब अक्षावरचा सगळा रुंदपणा मॉडेलने खाऊन टाकला. पण आखूड अक्षावर, म्हणजे चकतीतून वर उठणारा वायू जिथे दिसायला हवा त्या बाजूला, थोडा भाग शिल्लक राहिला. शांत दीर्घिकेत तीच कृती केल्यावर काहीच शिल्लक राहिलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की इथे काहीतरी खरं आहे.

दिशेचा प्रश्न

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे, म्हणून जरा थांबते.

समजा शिल्लक राहिलेला वायू खरंच आपल्याकडे येतोय. म्हणजे तो दीर्घिकेतून बाहेर पडतोय का? नाही, असं लगेच म्हणता येत नाही. तो चकतीच्या आपल्या बाजूला असेल आणि आपल्याकडे येत असेल तर चकतीपासून लांब चाललाय, म्हणजे वारा. पण तोच वायू चकतीच्या मागच्या बाजूला असेल आणि आपल्याकडे येत असेल तर तो चकतीवर पडतोय, म्हणजे बरोब्बर उलटं. चमकणारा वायू पुढे आहे की मागे हे उत्सर्जन रेषा सांगत नाही, ती फक्त वेग सांगते. मागचा प्रकाश चकतीतली धूळ अडवते म्हणून पुढे असण्याची शक्यता जास्त, हे खरं, पण शक्यता आणि पुरावा यात अंतर आहे.

पुरावा देते शोषणरेषा. जो वायू मागच्या ताऱ्यांचा प्रकाश गिळतो तो त्या ताऱ्यांच्या पुढेच असायला हवा, दुसरा पर्यायच नाही. त्यामुळे शोषणरेषा निळीकडे सरकलेली दिसली की प्रश्न मिटला: वायू ताऱ्यांच्या पुढे आहे आणि आपल्याकडे येतोय, म्हणजे चकतीपासून लांब जातोय. दृश्य प्रकाशात यासाठी सगळ्यात कामाची जोडी सोडियमची, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे ज्या रंगाचे असायचे तोच हा रंग. उदासीन सोडियमला आपला इलेक्ट्रॉन सोडायला फक्त ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणून तो धुळीच्या आडोशाला, थंड वायूतच टिकतो. वाऱ्यात ओढला गेलेला थंड वायू पकडायला म्हणूनच तो चांगला.

पण इथेही सापळे आहेत. थंड ताऱ्यांच्या वातावरणातही सोडियम असतं आणि त्याचंही शोषण याच जागी पडतं. त्यावर उपाय मॅग्नेशियमच्या ५१७ नॅनोमीटरच्या आसपासच्या रेषा, त्या ताऱ्यांमधूनच येतात, त्यावरून ताऱ्यांचं सोडियम किती असायला हवं याचा अंदाज बांधता येतो आणि त्याहून जास्त जे दिसेल ते ताऱ्यांमधल्या वायूचं. शिवाय ५८७.६ वर हेलियमची चमकती रेषा आहे, ती सोडियमच्या निळ्या कुशीतच बसते आणि तिथलं शोषण भरून काढते, तिचंही मॉडेल करावं लागतं.

एकेका ठिपक्यात सिग्नल पुरत नव्हता. दुसरा मोठा निर्णय हा होता की मध्यभागाचे ठिपके एकत्र करायचे का. एकत्र केले तर नकाशा जातो, नाही केले तर सोडियम गोंगाटात बुडतो. सरांचा जीव नकाशात होता, कारण नकाशा दाखवायला छान असतो. तिने सांगितलं की प्रश्न "कुठे" असा नाहीये, "कुठल्या दिशेला" असा आहे, एकच आकडा मिळाला तरी चालेल. एकत्र केलं. ताऱ्यांचा हिस्सा वजा करून जे सोडियम उरलं ते दीर्घिकेच्या स्वतःच्या वेगाच्या तुलनेत निळीकडे सेकंदाला ७०-८० किमी सरकलेलं होतं, चूक २०-२५ किमीची. म्हणजे सरकणं त्रुटीच्या जवळपास तिप्पट. शांत दीर्घिकेत जादा सोडियम जवळजवळ नव्हतंच आणि जे होतं ते जागच्या जागी.

निकाल

तर वायू चकतीतून वर येतोय हे बऱ्यापैकी ठामपणे सांगता आलं. पण "दीर्घिकेतून बाहेर पडतोय" हे नाही सांगता आलं, आणि रिपोर्टमध्ये त्यावर एक पूर्ण विभाग लिहिला गेला. वायू काटकोनात उठतोय असं धरून कलाचा हिशोब केला तरी खरा वेग शंभरच्या आसपास जातो. ही दीर्घिका सेकंदाला दोनशेच्या आसपास वेगाने फिरणारी. अशा दीर्घिकेच्या मध्यभागातून कायमचं सुटायचं तर पाचशेहून जास्त वेग हवा. तेव्हा हा थंड वायू, निदान ज्याचा वेग आपण मोजला तो, वर जाऊन पुन्हा चकतीवर पडणार असंच दिसतं, कारंजासारखा. सोबत खूप तापलेला, जास्त वेगाचा वायू असू शकतो, एम ८२ मध्ये तो क्ष-किरणांत दिसतोच, पण मँगाच्या डेटात तो दिसायची सोयच नाही. सेकंदाला किती वस्तुमान वर जातंय हा आकडा काढून ठेवला होता, पण सोडियमवरून हायड्रोजनचा अंदाज करताना किती सोडियम धुळीत अडकलं आणि किती आयनीभूत झालं हे धरून चालावं लागतं, त्यात कित्येक पटींचा फरक पडतो, म्हणून शेवटी तो आकडा रिपोर्टमधून काढला.

वारा कोण चालवतंय यावर मात्र उत्तर बरंच सरळ निघालं. नायट्रोजन-हायड्रोजन आणि ऑक्सिजन-हायड्रोजन यांच्या रेषांची प्रमाणं वायू कशामुळे चमकतोय हे ओळखायला १९८१ पासून वापरात असलेल्या बीपीटी आलेखावर टाकली तर दीर्घिकेचा मध्यभाग तारे जन्मणाऱ्या भागातच पडला, कृष्णविवराच्या भागात नाही.

आणखी एक गोष्ट रिपोर्ट लिहिताना निघाली. मँगाच्या डेटात सोडियम वापरून असा वायू शोधणारे मोठे अभ्यास आधीच छापून आलेत आणि एका नमुन्यात ही दीर्घिकाही होती, शेकडो ओळींच्या तक्त्यातली एक ओळ म्हणून. त्यांचा वेग आणि हिचा वेग त्रुटीच्या आत जुळला. सर थोडे खट्टू झाले. ती मात्र खूश होती, कारण अगदी वेगळ्या माणसांनी वेगळ्या कोडने काढलेला आकडा तिच्या लॅपटॉपवरच्या आकड्याशी जुळला होता, आणि मला तिचा आनंद पूर्ण पटला.

परिषदेत पोस्टर लागलं. लोक सगळ्यात जास्त थांबले ते शांत दीर्घिकेच्या प्लॉटपाशी, कारण तिथे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी असंच दोन घंटांचं फिट वापरलं होतं आणि तुलनेची दीर्घिका कोणी घेतली नव्हती. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, हा वायू परत पडणार की जाणार, आणि तिने वेग, सुटकेचा वेग आणि मँगाला काय दिसत नाही हे सगळं पाच मिनिटांत फळ्यावर मांडलं. बातमी शेवटी आली, आतल्या पानावर, चार ओळींची, कॉलेजच्या विद्यार्थिनीच्या पोस्टरला परिषदेत जागा मिळाली एवढीच. मामांनी तेवढीही कापून ठेवली म्हणे.

वेगळं काय करता आलं असतं

शांत दीर्घिका शेवटी नाही, सगळ्यात आधी घ्यायला हवी. कोड लिहून झाला की पहिल्यांदा तो जिथे काही नसायला हवं तिथे चालवायचा, म्हणजे खोटा खांदा किती मोठा असू शकतो हे आधीच कळतं आणि मग खरी दीर्घिका उघडायची. इथे ते तिला सुचलं म्हणून झालं, पण पुढच्या विद्यार्थ्याला सुचेलच असं नाही, तेव्हा ते प्रोजेक्टच्या आराखड्यातच लिहिलेलं असावं. तुलनेला एकच दीर्घिका घेतली हेही कमीच. निदान पाच-सहा हव्या होत्या, वेगवेगळ्या कलांच्या, कारण बीम स्मिअरिंग कलाप्रमाणे बदलतं.

आधीचं काम शोधणं हेही सुरुवातीला व्हायला हवं. आधीच्या तक्त्यात दीर्घिका आहे हे माहीत असतं तर "शोध" हा शब्द आलाच नसता आणि बातमीचा ताणही नसता. पण याला दुसरी बाजूही आहे आणि ती मला सोडवत नाही: तिला तो आकडा आधी माहीत असता तर सोडियमचं फिट करताना डोळा त्या आकड्याकडे गेला असता का? माहीत नव्हता म्हणून जुळण्याला किंमत आली. माझं मत असं की दीर्घिका आधीच्या यादीत आहे की नाही हे गाइडने बघावं, आणि आकडा काय आहे हे विद्यार्थ्याला शेवटपर्यंत सांगू नये.

दीर्घिका निवडतानाच प्रश्न कुठला ते ठरवायला हवं होतं. सोडियमने दिशा तपासायची असेल तर चकती आपल्याकडे तोंड करून असलेली बरी, म्हणजे वारा सरळ आपल्याकडे येतो. चकतीच्या वर किती उंच वायू गेलाय हे बघायचं असेल तर कडेने दिसणारी बरी, एम ८२ सारखी. आमची मधली होती, त्यामुळे दोन्ही प्रश्नांना अर्धं-अर्धं उत्तर मिळालं. अर्थात कडेची घेतली असती तरी चकतीच्या वरचा प्रत्येक चमकणारा वायू वाऱ्याचा नसतो. चकतीतल्या गरम ताऱ्यांचा प्रकाश वर झिरपूनही तिथला वायू चमकतो, तो वेगळा सापळा.

बातमीच्या बाबतीत सरांनी घेतलेला निर्णय बरोबर होता, फक्त तो पहिल्या फोनलाच व्हायला हवा होता. दोन आठवडे त्या मुलीने घरच्यांना आणि ओळखीच्यांना उत्तरं दिली, आणि त्या काळात तिच्यावर "वारा आहेच" असं म्हणायचा जो दबाव होता तो कुठल्याही त्रुटीपेक्षा जास्त धोकादायक होता. आता विभागात असं ठरलंय की प्रोजेक्ट जमा होईपर्यंत बाहेर बोलायचं ते गाइडनेच.

तिचा कोड ज्युनियर मुलाकडे गेलाय. त्याने बारा दीर्घिका काढल्यात, त्यातल्या सहा शांत, आणि सध्या फक्त त्या सहांवरच काम चालू आहे.